कॉर्ड्युरावर गोट लावताना कोपरा का बिघडतो, आणि तो बसवायचा कसा

देवगडच्या एका मुलाने विचारलंय, थोडक्यात सांगतो. तो स्कायडायव्हिंग शिकून आलाय, घरी जाड कापडाचं मशीन घेतलंय आणि स्वतःची गियर बॅग, हेल्मेटची पिशवी असलं १००० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरामध्ये, म्हणजे जाड दणकट नायलॉन कापडात शिवतोय, पुढे सरावासाठी एक खोटा कंटेनर, म्हणजे पॅराशूट घडी घालून ठेवायची पाठीवरची पिशवी, पण शिवायचा विचार आहे. सरळ कडेला गोट, म्हणजे कड झाकायला दुमडून शिवलेली नायलॉनची पट्टी, छान बसतो म्हणे, पण कोपरा आला की वरून चुण्या पडतात, आणि उलटून बघितलं तर मागच्या बाजूला टाका पट्टीवर नसतोच, कापडावरच गेलेला असतो. आता फोल्डर (पट्टी आपोआप दुमडून कडेवर घालणारं मशीनचं जोडसाधन) विकत घेऊ का मशीनच बदलू, असा प्रश्न आहे.

दोन्ही नको रे बाबा, पैसे ठेव खिशात. कोपरा मशीनवर बिघडतच नाही, तो कात्रीखाली बिघडतो, कापड कापताना तू जी गोलाई काढलीस ना तिथेच ठरून गेलेलं असतं की पट्टी बसणार का भांडणार. ते कसं ते खाली लिहितो, जरा लांबलचक होईल.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही एकदाच सांगतो. बॅग, पिशवी, पॅकिंग मॅट, सरावाचा कंटेनर, काय हवं ते शीव. पण ज्यात बसून उडी मारायची त्या हार्नेसला, रायझरला (हार्नेस आणि पॅराशूटच्या दोऱ्या जोडणारे पट्टे), रिझर्व्हच्या म्हणजे राखीव पॅराशूटच्या कंटेनरला घरच्या मशीनची सुई लावायची नाही, गोट सुटलाय एवढंच का असेना. अमेरिकेत हार्नेस आणि रिझर्व्हचा कंटेनर टीएसओ सी-२३ या मानकाखाली पास झालेला असतो आणि त्यावर कोण हात घालू शकतो याचे लायसनवाले रिगर, म्हणजे पॅराशूट तपासून दुरुस्त करणारे कारागीर, ठरलेले असतात, ते उगाच नाही. गोट हा भार घेणारा भाग नाही हे खरं, तो कड उसवू नये म्हणून असतो, पण फ्लॅपच्या कोपऱ्यावर पट्टीचा एक सैल फुगा राहिला आणि पॅराशूट उघडताना त्यात दोरी अडकली तर तो फुगा भार घेणारा आहे का नाही हे कोणी विचारत बसत नाही. मी मालवणात होड्यांचे हूड, डायव्हिंगच्या बॅगा, पॅरासेलिंगवाल्यांची कव्हरं असली कामं करतो, आणि त्यांचेही हार्नेस शिवायला घेत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. कंटेनरचं जे थोडंफार मला कळतं ते बाहेर शिकून आलेल्या एका रिगरच्या शेजारी बसून कळलंय.

आता कोपरा. तुझी पट्टी २५ मिमीची असेल, मधोमध दुमडली की साडेबारा वर आणि साडेबारा खाली. घडी कापडाच्या कडेला बसते आणि पट्टीच्या दोन्ही मोकळ्या कडा आतल्या बाजूला. सरळ रेषेत घडी आणि आतली कड दोघी सारख्याच लांबीच्या. पण ९० अंशाचा बाहेरचा कोपरा वळलास की घडी मोठ्या वळणावरून जाते आणि आतली कड लहान वळणावरून, म्हणजे आतल्या कडेला तेवढी लांबी लागतच नाही, ती उरते, आणि उरलेली लांबी चुणी होऊन वर येते. किती उरते? दुमडलेली रुंदी गुणिले १.५७. साडेबाराला करून बघ, जवळजवळ २० मिमी येतात.

गंमत अशी की हे २० मिमी गोलाई लहान असो वा मोठी, बदलत नाहीत. लोकांना वाटतं मोठी गोलाई काढली की जास्तीची पट्टी कमी होते, तसं काही नाही, ती तेवढीच राहते, फक्त ती जिरवायला जागा जास्त मिळते. २५ मिमी त्रिज्येच्या गोलाईला कडेची लांबी साधारण ३९ मिमी, त्यात २० मिमी जिरवायचे म्हणजे अर्धी पट्टी गायब करायची, कशी होणार? ५० मिमी त्रिज्या घेतलीस तर ७८ मिमीत २० म्हणजे पाव भाग, हे जमतं. ७५ घेतलीस तर ११८ मध्ये २०, म्हणजे सहावा हिस्सा, हे तर शिकाऊ पोरगा पण बसवेल. आणि बरेच जण काय करतात, दहाचं नाणं ठेवून कोपरा गोल करतात. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे त्रिज्या साडेतेरा, आणि तुझी पट्टी आत साडेबारा जाते, म्हणजे आतल्या कडेला वळायला उरला एक मिमी! ती गोलाई नावालाच, पट्टीसाठी तो चौकोनी कोपराच आहे, आणि तू तिला गोल समजून शिवायला जातोस. म्हणून चुण्या.

त्यामुळे सगळ्यात पहिलं काम म्हणजे नाणं ठेवून दे आणि १० सेंमी व्यासाचं डब्याचं झाकण शोध, ते ५० त्रिज्येचं झालं, त्याने कोपरे आख. दुसरा उपाय पट्टी अरुंद घे, १९ मिमीची घेतलीस तर जास्तीची लांबी २० वरून १५ वर येते. पातळ पॅरापॅक नायलॉनच्या अस्तराला वगैरे १९ पुरते, पण कॉर्ड्युराचे दोन थर आणि मध्ये फोम असेल तर १९ ची पट्टी कडेवरून जाईपर्यंतच संपते, दोन्ही बाजूला धरायला काही उरत नाही, तिथे २५ च. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कोपरा गोल न करता तिरका छाटायचा, म्हणजे ९० च्या एका कोपऱ्याचे ४५ चे दोन होतात आणि प्रत्येकाला दहाच मिमी जिरवायचे राहतात, तेवढी एक बारीक घडी घातली की काम संपलं. पाठीवर घ्यायच्या सामानाला तिरका कोपरा दिसतोही बरा.

पट्टीबद्दल. बाजारात जी चमकदार आडव्या रेघांची ग्रॉसग्रेन मिळते ती सरळ कडेला ठीक, कोपऱ्यावर आडमुठी, तिच्या आडव्या रेघा दाटच असतात त्यामुळे ती गोळा व्हायला मागत नाही. मऊ विणीची, ट्विलसारखी नायलॉन पट्टी घे, बोटात धरून आतली कड ढकलून बघ, थोडी तरी गोळा झाली पाहिजे. पॅराशूटच्या कामात यासाठी ठरावीक मिलिटरी स्पेकची नायलॉन पट्टी वापरतात, टाइप थ्री म्हणून, ती याचसाठी चांगली. आपल्याकडे पॅराशूटचं मोठं काम आग्र्याला डीआरडीओच्या एडीआरडीई या संशोधन संस्थेमध्ये आणि कानपूरच्या पॅराशूट फॅक्टरीत चालतं, पण तिथली पट्टी काय तुझ्या माझ्या हातात यायची नाही, मुंबईला बॅगवाल्यांच्या बाजारात हात लावून निवडायची.

निवडताना नायलॉन म्हणून पॉलिप्रॉपिलिन गळ्यात मारतात, हे फार होतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, एक तुकडा साबणाच्या पाण्यात चुरगाळून हवा काढून टाक आणि ग्लासात सोड, नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलिन तरंगतं कारण ते पाण्याहून हलकं. हे महत्त्वाचं का, तर पुढे इस्त्री वापरायची आहे आणि पॉलिप्रॉपिलिन १६० अंशाच्या आसपासच वितळतं. नायलॉन ६ साधारण २२० ला आणि नायलॉन ६६ साधारण २६० ला, म्हणजे तिथे हात थोडा सैल ठेवता येतो. आणि सुती उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावू नको, वळते सुंदर पण आपल्या हवेत एका पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि घासली की जाते.

इस्त्रीची गोष्ट ही. कोपऱ्याला लागणारी पट्टी आधीच वळवून घ्यायची. पट्टी मधोमध दुमडून, जरा ओलसर करून, ज्या झाकणाने गोलाई आखलीस त्याच झाकणाच्या कडेवर (पत्र्याचं हवं, प्लॅस्टिकचं नको, नाहीतर झाकण पण जाईल) घडी बाहेर ठेवून ताणून धर, आणि आतल्या कडा कोमट इस्त्रीच्या टोकाने हळूहळू दाबत जा, वर सुती फडकं ठेवून. गार होईपर्यंत सोडायची नाही, गार झाल्यावरच आकार धरते. सगळे २० मिमी नाही जिरत यात, पण बरेच जिरतात, उरलेले सुईखाली बोटाने ढकलता येतात. आधी टाकाऊ तुकड्यावर इस्त्री किती गरम चालते ते बघ, पट्टी चकाकायला लागली म्हणजे जास्त झाली.

एवढं झाल्यावर मशीनचं फारसं उरत नाही. सुई १०० किंवा ११० नंबरची, म्हणजे दुकानात १६ किंवा १८ म्हणतात ती, गोल टोकाची. हे मुद्दाम लिहितो कारण रिक्षाच्या हूड-सीटवाल्यांना माल देणारा दुकानदार सवयीने चामड्याची सुई देतो, तिचं टोक कापतं, कॉर्ड्युराचे धागे तुटतात आणि कोपऱ्यावर जिथे टाके जवळजवळ पडतात तिथे भोकांची ओळ फाटते. तुझं मशीन वॉकिंग फूटचं (वरचा फूटही कापड पुढे सरकवतो ते) असेल तर बहुतेक डीपी गुणिले १७ या प्रकारची सुई लागेल, डब्यावर बघून घे, साध्या जुकी मशीनची डीबी गुणिले १ त्यात चालत नाही. दोरा बॉन्डेड नायलॉन, जाडी टेक्स ७०, आपल्याकडे ४० तिकीट नंबरने मिळतो. होडीच्या हूडला मी पॉलिएस्टर दोरा घालतो कारण तो दिवसभर उन्हात तळतो आणि नायलॉन उन्हात लवकर कुजतं, पण तुझं सामान उन्हात पडून राहणारं नाही, राहू देऊ पण नको, तिथे नायलॉनच बरा, थोडा ताण खातो. टाका तीन मिमीच्या आसपास, इंचाला आठ. बारीक टाका म्हणजे मजबूत असं समजू नको, जाड कापडात बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड.

फोल्डरचं आता. फोल्डर वाईट नाही, दिवसाला ढीगभर सरळ कडा करायच्या असतील तर त्याशिवाय पर्याय नाही. पण तो सुईच्या पुढे काही अंतरावर बसतो ना, तिथेच गोची आहे. सरळ कडेत फोल्डरच्या तोंडातली कड आणि सुईखालची कड एकाच रेषेत असतात, वळणावर नसतात. सुईखाली कड बरोबर ठेवलीस तर फोल्डरच्या तोंडातून कापड बाहेर सरकतं, पट्टी अर्धी रिकामी जाते, आणि फोल्डरात कापड कोंबून धरलंस तर टाका कडेपासून पळतो. बाहेरच्या मोठ्या गोलाईला हात बसला की निभतं, आतल्या वळणाला तर विचारूच नको. कारखान्यात यासाठी फोल्डर सुईच्या अगदी जवळ आणणारा खास फूट आणि प्लेटचा सेट लावतात, तुला चार बॅगांसाठी तो खर्च परवडणार नाही. सरळ कडा फोल्डरने, कोपऱ्याआधी थांबून फोल्डर बाजूला आणि कोपरा हाताने, असं करणारे पुष्कळ आहेत. मी अख्खी कडच हाताने करतो, सवय झाली.

हाताने म्हणजे कसं. पट्टी दुमडताना बरोबर मधोमध दुमडू नको, खालची बाजू दीड-दोन मिमी रुंद ठेव. एवढ्यानेच तुझा मागून टाका सुटण्याचा निम्मा रोग जातो, कारण वरच्या पट्टीच्या कडेपासून दोन मिमी आत टाका टाकलास की खाली तो आपोआप साडेतीन-चार मिमी आत पडतो, थोडं सरकलं तरी पट्टीवरच राहतो. मग सहा मिमीची दुहेरी चिकट टेप कापडाच्या कडेला दोन्ही बाजूंनी लाव आणि पट्टी तिच्यावर दाबून बसव. टाचण्या नको, कॉर्ड्युराच्या मागे पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग असतं, त्यात पडलेलं भोक बुजत नाही. चिकट टेप सुईला चिकटते, टाके सुटायला लागतात, मग सुई स्पिरिटच्या फडक्याने पुसायची. रबराचं सोल्युशन, चपलेचा डिंक वगैरे हे अजिबात नको. नायलॉनला आम्ल चालत नाही, १९८० च्या दशकात बाहेर काही गोल पॅराशूटांच्या जाळीत राहिलेल्या आम्लाने शेजारचं नायलॉन कापड कमजोर होत गेलं होतं आणि रिगर लोकांना एकेक पॅराशूट तपासत बसावं लागलं होतं, तेव्हा अंगाला काय लागतंय ते माहीत नसलेली वस्तू या सामानाजवळ आणायचीच नाही.

गोल कोपऱ्यावर आलास की पायडलवरून पाय काढ. खरंच काढ, नुसता हलका ठेवू नको. हाताने चाक फिरव, एक टाका, सुई खाली ठेवून फूट वर, कापड एवढंसं फिरव, टोच्याने पट्टीची आतली कड फूटखाली ढकल, फूट खाली, पुढचा टाका. ढकलायचं म्हणजे सुईच्या दिशेने मागे ढकलायचं, ओढायचं नाही. बहुतेक जण वळणावर पट्टी ताणून धरतात, कारण ताणल्यावर ती वरून साफ दिसते, पण ताणलेली पट्टी गोलाईवरून आत घसरते, घडी कडेपासून सुटते आणि कापड वाटीसारखं वळतं. प्रत्येक दोन-तीन टाक्यांनी कापड उचलून खालून बघ. मान दुखते, हो. छोटा आरसा मशीनच्या बाजूला ठेवलास तरी चालतो.

आता चौकोनी कोपरा ठेवायचाच असेल तर. मग गोल करायचा प्रयत्नच सोडून दे आणि सरळ तिरकी घडी घाल. पहिल्या कडेवर शिवत ये, आणि जिथे दुसऱ्या कडेची शिलाई तुझ्या शिलाईला कापणार आहे त्या बिंदूला थांब, म्हणजे कोपऱ्याच्या टोकापासून दोन्हीकडून साधारण दहा मिमी आत. तो बिंदू आधी खडूने खूण करून ठेव, अंदाजाने थांबू नको. सुई खाली, फूट वर. पट्टी पुढच्या कडेवर वळव, वरची घडी टोच्याने ४५ अंशात आत सारून दाब. मागची घडी पण तशीच, पण तिचा जास्तीचा भाग उलट दिशेला वळव, करंजीची मुरड एका बाजूला जाते तशा दोन्ही घड्या एकाच बाजूला गेल्या की तिथे ढेकूळ होतं आणि सुई त्यावर चढताना तुटते. मग पूर्ण कापड ९० अंशात फिरव आणि पहिले तीन-चार टाके चाकाने घे. ढेकूळ तरी थोडं होतंच. शिवायच्या आधी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने दोनदा ठोक, चपटं होतं. आणि फूट चढावर तिरकं होऊन टाका लहान व्हायला लागला तर फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकव, फूट सपाट झाला की टाका सरळ येतो.

खरी कसरत आतल्या कोपऱ्याला आहे, जिथे कड आत वळते, पट्ट्यासाठी खाच असते किंवा फ्लॅपला मान असते तिथे. हिशेब उलटा होतो, घडी लहान वळणावर आणि पट्टीच्या मोकळ्या कडा मोठ्या वळणावर, त्यांना २० मिमी कमी पडतात. जास्तीची पट्टी घडी घालून लपवता येते, कमी पडलेली कुठून आणणार? ती मग कापडालाच ओढून घेते, त्यामुळे तिथे कापड फुगतं आणि घडी कडेपासून सुटून हवेत राहते, नेमका तोच दोऱ्या अडकणारा फुगा. माझं मत विचारशील तर डिझाइनमध्येच आतला कोपरा ठेवू नको, दोन तुकडे करून तिथे जोड दे. पण ठेवलासच, तर कापड एकेरी-दुहेरी आणि वाकणारं असेल तेव्हा ही पद्धत: आतल्या कोपऱ्याभोवती कडेपासून दहा मिमीवर आधी एक शिलाई मारून घे, मागे पातळ नायलॉनचा छोटा तुकडा ठेवून, म्हणजे ताकद येते. मग टोकापासून तिरकी खाच कापायची, साडेआठ-नऊ मिमी खोल, शिलाईला लागायची नाही. आता तो कोपरा उघडून सरळ रेषेत आणता येतो, बाकीचं कापड सुईच्या डावीकडे चुण्यांत गोळा होईल, होऊ दे, तू कड सरळ ठेवून पट्टी सरळ शिवून टाक. नंतर सोडलंस की कोपरा परत आपल्या जागी येतो आणि पट्टीची तिरकी घडी आपोआप पडते, ती दोन-चार टाक्यांनी बसवायची. खाचेच्या टोकाला लायटर दाखवू नको, वितळून कडक काटा होतो आणि तोच पुढे कापड चिरतो.

कापड जाड असेल, आत फोम किंवा प्लॅस्टिकची ताठ शीट असेल तर ते सरळ होणारच नाही, तिथे मर्दुमकी नको. दोन वेगळ्या पट्ट्या लाव. पहिली कड शिवून पट्टी कोपऱ्यात घुसून थोडी पुढे जाऊ दे, दुसरीचं टोक आत दुमडून पहिलीवर चढव आणि उलटसुलट टाका मारून बंद कर. दिसायला फार सुंदर नाही, पण सपाट बसतं आणि कुठे अडकत नाही.

प्लॅस्टिकच्या शीटवरून आठवलं, सरावाच्या कंटेनरच्या फ्लॅपमध्ये शीट घालशील तर ती पट्टीच्या शिलाईपासून चार-पाच मिमी आत थांबली पाहिजे, आणि शीटचे कोपरे कापडाच्या कोपऱ्याहून जास्त गोल काप. नाहीतर सुई शीटमधून जाते, गरम होते, दोरा वितळतो, आणि वर्षभरात शीटचं टोक आतून गोट फाडून बाहेर येतं. आणि गोट लावायचं काम सपाट असतानाच उरकायचं, बॅग उभी राहिल्यावर कोपरा मशीनखाली घालायला गेलास तर वर लिहिलेलं काहीच जमणार नाही.

सुरुवात आणि शेवट कधी कोपऱ्यावर करू नको, सरळ कडेच्या मध्ये कर, शेवटचं टोक आत दुमडून निदान तीन सेंमी चढव. जिथे ती कड पुढे दुसऱ्या शिलाईत जाणार आहे तिथेच टोक लपवता आलं तर उत्तम. टोक बंद करायला अगरबत्ती चालते, सोल्डरिंग आयर्न आणखी चांगलं, लायटरने काळा मणी होतो, तो नखाने घासून बघ, टोचत असेल तर कापून परत कर.

आपल्याकडच्या हवेचं थोडं. जून ते सप्टेंबर मशीनवर रोज झाकण आणि हुकात तेलाचा थेंब, सुया डबीत तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेव, खारी हवा सुई दोन आठवड्यांत खडबडीत करते आणि खडबडीत सुई नायलॉनचा दोरा कोपऱ्यावर सोलते, तू टेन्शन फिरवत बसतोस आणि दोष सुईचा. किनाऱ्यावर वापरलेली बॅग दुरुस्तीला घेशील तर आधी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळव. तारकर्लीची वाळू पट्टीच्या घडीत जाऊन बसते आणि मीठ सुकून बारीक खडे होतात, दोन्ही मिळून घडी आतून घासतात, म्हणून गोट नेहमी आधी कोपऱ्याच्या घडीवरच फाटतो, मधे नाही. आणि ती वाळू तुझ्या मशीनच्या हुकात गेली तर तो खर्च वेगळा.

राहिलं ते आधीच बिघडलेले कोपरे. मागून टाका सुटलाय म्हणून वरून दुसरी शिलाई मारून टाकायचा मोह होतो, ती मारू नको, पट्टी चुण्यांसकट तिथेच पक्की होते आणि भोकांची दुसरी ओळ पडते. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंमी उसव, ब्लेडने नाही, उसवणीने, प्रत्येक तिसरा टाका कापून खालचा दोरा ओढ. पट्टी काढून टाक, तीच परत लावू नको, ती आता तिथे मोडलेली आहे. मग कापडाचा कोपरा झाकणाने पुन्हा गोल कर किंवा तिरका छाट, त्यात जुनी भोकंही बरीचशी कापली जातात, नवी पट्टी जुनीच्या टोकांवर चढवून लाव. हेल्मेटच्या पिशवीपासून सुरुवात कर, तिला चारच कोपरे असतात.